चार नंबरचं मशीन

खलील सर गेल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी आपसूक भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि लगेच माझा मलाच राग आला. ते घड्याळ चार मिनिटं पुढे आहे. सर एकदा घरी आले होते तेव्हा पाणीसुद्धा न घेता आधी त्याच्याखाली जाऊन उभे राहिले. "मॅडम, घड्याळ पुढं लावनं म्हंजे सोतालेच फसवनं हाय," म्हणाले. मी हसून वेळ मारून नेली. घड्याळ अजून चार मिनिटं पुढेच आहे, आणि आता ते बरोबर लावायला हात होत नाही.

अमरावतीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये आम्ही वीस-बावीस वर्षं बरोबर काढली. ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, मी ड्रॉइंग. दोघंही मूळचे अकोल्याचे. आठवडाभर राजापेठेत आपापल्या खोलीवर राहायचं, शनिवारी घर गाठायचं आणि सोमवारी सकाळच्या एसटीनं परत यायचं, असा आमचा क्रम होता. उंच, हाडकुळा माणूस. शर्टाच्या खिशाला टेस्टर आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं किल्लीचं घड्याळ. हे घड्याळ रोज सकाळी रेडिओच्या टोल्यांवर लावलं जायचं. टोले चुकले तर सर दिवसभर चिडचिडे असत आणि तसं जाहीरही करत. "आज माहा टाइम अंदाजाचा हाय, मले कोनी विचारू नका." नारायण नावाचा आमचा शिपाई घंटा द्यायला निघाला की ऑफिसातलं मोठं घड्याळ सोडून सरांच्या मनगटाकडे बघायचा.

मी त्यांच्या या खुळाची भरपूर टिंगल केली आहे. पण एकदा मूर्तिजापूरला कंडक्टरनं दोन मिनिटं आधीच घंटी मारली, तेव्हा सर उठले आणि दाराच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. गाडी हलेना. लोक कुरकुरायला लागले. सर शांतपणे म्हणाले, "बोर्डावर टाइम लिवला म्हंजे पब्लिकले वादा केला. वादा दोन मिनिटं बाकी हाय." कंडक्टर वाद घालत होता तेवढ्यात एक बाई पोराला कडेवर घेऊन धापा टाकत आली. सरांनी तिला आपली जागा दिली आणि बडनेऱ्यापर्यंत उभ्यानं आले. त्या दिवसापासून मी टिंगल थोडी कमी केली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्या कॉलेजात सहा कॉम्प्युटर आले. आजच्यासारखे नव्हेत. कीबोर्डाच्या पोटातच सगळं यंत्र, पडदा म्हणून साधा टीव्ही जोडायचा, आणि लिहिलेला प्रोग्राम गाण्याच्या कॅसेटवर साठवायचा. ती कॅसेट टेपवर वाजवली की कानठळ्या बसवणारा चिरका आवाज यायचा. सरांना तो मधुर वाटायचा. त्यांनी सहाही यंत्रांवर लाल रंगानं आकडे टाकले, बायकोकडून, म्हणजे आमच्या भाभींकडून, पांढऱ्या कापडाच्या खोळी शिवून घेतल्या. एखाद्या मुलाचा प्रोग्राम चालला नाही आणि तो यंत्राला नावं ठेवायला लागला की सर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "मशीन खोटं नाई बोलत बेटा. मानूस बोलते." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की ड्रॉइंग हॉलमध्ये एखाद्याची रेघ वाकडी आली तर मीही ते वापरायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर चार नंबरचं मशीन बंद पडलं. आतला क्रिस्टल गेला होता. मुंबईहून मागवायचा तर परीक्षा उलटून गेली असती. सोमवारी एसटीत सरांनी खिशातून माचिसची डबी काढली आणि माझ्यापुढे उघडली. आत कापसावर नखाएवढा पत्र्याचा चकचकीत तुकडा होता.

"हे त्याची नाडी समजा, मॅडम. हा थरथरते तसं मशीन चालते. जुना एका सेकंदात चाळीस लाख डाव थरथरे."

"आणि हा?"

"अकोल्यात दोस्ताचं टीव्ही रिपेरिंगचं दुकान हाय. कलर टीव्हीतला काढून देल्ला त्यानं. याचे चव्वेचाळीस लाख अन् वर तेहतीस हजार होते. पन चालते. पोरायच्या बेरजा-वजाबाक्याले काय फरक पडते?"

मला त्यातलं फारसं काही कळलं नाही, पण चाळीस आणि चव्वेचाळीस हे दोन आकडे लक्षात राहिले. ज्या माणसाला दोन मिनिटांचा फरक सहन होत नव्हता तो हे एवढं सहज बोलून गेला, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. क्रिस्टल बसला, मशीन चालू झालं. विदेशी यंत्र अमरावतीत दुरुस्त झालं म्हणून प्राचार्यांनी सगळ्यांसमोर सरांची पाठ थोपटली, आणि ती थाप सरांना फार आवडली. पुढे कितीतरी दिवस ते कुणी पाहुणा आला की आधी चार नंबरची खोळ काढून दाखवायचे.

त्या वर्गात मंदा ढोले नावाची मुलगी होती. रिद्धपूरची. सबंध वर्गात मुली तीन, त्यातली ही सगळ्यात कमी बोलणारी. प्रवेशाच्या दिवशी तिचे वडील आले होते. स्वच्छ धोतर, हातात पिशवी. फॉर्मवर सही करताना माझ्यासमोरच तिला म्हणाले, "शिक तुले जितकं शिकाचं तितकं. पन एक डाव नापास झाली का घरी. मंग मले बोलाचं नाई." ती हो म्हणाली. मी तो फॉर्म घेतला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

वार्षिक प्रॅक्टिकलसाठी प्रत्येकानं आपला एक प्रोग्राम करून आणायचा होता. पोरांनी मार्कांच्या याद्या केल्या, कुणी कापसाच्या वजनाचा हिशोब केला. मंदानं घड्याळ केलं. पडद्यावर मिनिटं आणि सेकंद चालणारं घड्याळ. त्या यंत्राला वेळ म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं, म्हणून तिनं त्याला फुकाचे आकडे मोजायला लावले होते. इतके आकडे मोजून झाले की एक सेकंद. ते किती मोजायचे हे ठरवायला ती महिनाभर दोन नंबरच्या मशीनवर बसली, मैत्रिणीचं मनगटी घड्याळ समोर ठेवून. कधी सेकंदभर मागं पडायचं, कधी पुढं जायचं, की पुन्हा आकडा बदलायचा. सर तिच्यावर बेहद्द खूश होते. "वक्ताची कदर असलेली एकच पोरगी हाय या कॉलेजात," असं स्टाफ रूममध्ये येऊन सांगायचे.

परीक्षेच्या दिवशी मशीन चिठ्ठीनं मिळायचं. तिला चार नंबर आला.

नागपूरहून परीक्षक आले होते. मी पर्यवेक्षणाला होते. तिनं कॅसेट लावली, प्रोग्राम यंत्रात उतरला, पडद्यावर वर तिचं नाव आणि खाली घड्याळ. परीक्षकांनी स्वतःचं घड्याळ लावून दहा मिनिटं मोजायचं ठरवलं. दहा मिनिटं झाली तेव्हा मंदाच्या घड्याळात अकरा मिनिटं पाच सेकंद झाले होते. परीक्षकांनी भुवया उंचावून सरांकडे पाहिलं. मंदा उभी राहिली. तिचा आवाज अगदी बारीक होता, पण स्पष्ट होता. "सर, हे मशीन जोरात चालून राह्यलं. मले एक डाव दोन नंबरवर लावू द्या."

सर हसले. परीक्षकांकडे बघूनच हसले. "मशीन खोटं नाई बोलत बेटा," म्हणाले. वाक्याचा पुढचा अर्धा भाग त्यांनी उच्चारला नाही, पण वर्गातल्या सगळ्यांना तो पाठ होता.

ती खाली बसली. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला तेव्हा माचिसची डबी आठवली, हे मी आज लिहून टाकते. चाळीस आणि चव्वेचाळीस. नक्की काही कळत नव्हतं, पण शंका आली होती. तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते. मी बोलले नाही. आपला विषय नाही, बाहेरचे परीक्षक बसलेत, खलील सरांना कसं तोंडावर सांगायचं, असं सगळं मनात आलं. तेवढ्यात नारायण चहा घेऊन आला आणि मी तो प्याले. निकाल लागला त्याच आठवड्यात रिद्धपूरहून वडील आले आणि तिची ट्रंक घेऊन गेले. जाताना त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला.

पुढची वर्षं गेली तशी गेली. ती सहा मशीनं भंगारात गेली, त्यांच्या जागी नवी आली, तीही गेली. सर निवृत्त होऊन अकोल्याला घरी जाऊन राहिले. मी अमरावतीतच राहिले. अलीकडे एकदा बहिणीकडे अकोल्याला गेले असताना त्यांच्याकडे डोकावले, तर टेबलावर तळहाताएवढा हिरवा बोर्ड, त्याला टीव्ही जोडलेला, आणि टीव्हीवर आमच्या त्या जुन्या मशीनचा पडदा. मी बघतच राहिले.

"जिंदा केलं," सर म्हणाले. लहान मुलासारखे खूश होते. "या चिपले सोताचं असं काई नसते मॅडम. आपन लिवून द्याचं का तू अमुक हाय, का ते अमुक होते. मी याले आपल्या मशीनचा आख्खा नकाशा लिवून देल्ला. कोनती तार कोठी जाते, नाडी किती. आता हे तेच हाय. नकली नाई, तेच."

दीड वर्ष ते यावर बसले होते. भाभी आतून म्हणाल्या, "इतनी खिदमत मेरी करते तो मैं जवान हो जाती." भंगार जाताना सरांनी विद्यार्थ्यांच्या सगळ्या कॅसेटी वाचवल्या होत्या, बिस्किटांच्या डब्यात, प्रत्येकीवर मोत्यासारख्या अक्षरात नाव. टेपचं हेड स्पिरिटनं पुसून ते एकेक कॅसेट बोर्डाला ऐकवत होते. कापसाचा हिशोब चालला त्या दिवशी त्यांनी तो करणाऱ्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो आता पन्नाशी ओलांडलेला, कुठेतरी मोठा अधिकारी. सरांनी काही न बोलता त्याला फोनवर कॅसेटचा चिरका आवाज ऐकवला आणि विचारलं, "वयख, कोन बोलून राह्यलं?" तो माणूस फोनवर रडला, असं सर मला अभिमानानं सांगत होते. डब्यात अजून बऱ्याच कॅसेटी बाकी होत्या.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"मॅडम, दहा मिनिटात दहा मिनिटं."

मला कळेना.

"मंदा ढोले. तिची कॅसेट लावली आज. दहा मिनिटात बरोबर दहा मिनिटं. तीन डाव पायलं. मंग मी बोर्डात नाडीचा आकडा बदलला. चाळीस लाखाचे चव्वेचाळीस लाख तेहतीस हजार केले. फक्त तेवढंच बदललं. अकरा मिनिटं पाच सेकंद. मॅडम, तेच पाच सेकंद."

मी म्हटलं, सर, फार जुनी गोष्ट झाली. ते म्हणाले, "मशीन खोटं बोललं. काऊन का मी त्याले खोटं बोलाले शिकोलं होतं." आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्यांच्यासारखा माणूसच करू जाणे. आधी ते कॉलेजात गेले, तिचा निकाल दुरुस्त करा म्हणून. तिथल्या नव्या मुलांनी त्यांना अदबीनं खुर्ची दिली आणि इतके जुने कागद ठेवलेले नसतात असं सांगितलं. मग ते तहसीलमध्ये गेले आणि स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं. मी खलील अहमद, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की चार नंबरच्या यंत्रात मी स्वतः चुकीचा क्रिस्टल बसवला होता, सबब कुमारी मंदा ढोले हिचा प्रोग्राम निर्दोष होता व तिला नापास करण्यात माझी चूक झाली. खाली सही, शिक्का. नारायणाच्या मुलाकडून पत्ता मिळाला. मंदा लग्न होऊन परतवाड्याला होती. सर अकोल्याहून आधी अमरावतीला आले, मला घ्यायला. "साक्षीदार पायजे," एवढंच म्हणाले.

बोर्ड त्यांनी स्टीलच्या डब्यात रुमालात गुंडाळून आणला होता, टेप आणि कॅसेट खांद्याच्या पिशवीत. आसेगाव मागं पडल्यावर मी धीर केला आणि माचिसच्या डबीचं सांगितलं. परीक्षेच्या दिवशी मला ती आठवली होती, हे सांगितलं. सर माझ्याकडे वळले.

"तुमाले मालूम होतं?"

"शंका आली होती."

ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. तिकडेच बघत म्हणाले, "मले त्या दिवशी आठोलंच नाई, का आठोलं अन् मी दाबलं, हेच आता आठोत नाई. कितीक डाव इचार केला."

घर साधं होतं. पुढच्या खोलीत जळक्या वॉर्निशचा वास आणि जिकडेतिकडे पंपाच्या मोटारी उघडून ठेवलेल्या. तिचा नवरा मोटारी भरून देण्याचं काम करतो, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायची. तो कुठे शेतावर मोटार बसवायला गेला होता. मंदा खाली बसून लाकडी फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळत होती. केस पांढरे झालेले, चष्मा. आम्हाला पाहून तिनं एक हात वर करून थांबा अशी खूण केली, कारण ती वेढे मोजत होती. अडतीस, एकोणचाळीस. सर दारातच थांबले. मध्येच मोजणी चुकू नये याची त्यांनाच जास्त काळजी.

"चाळीस," म्हणून तिनं तार बोटाखाली दाबून धरली आणि वर पाहिलं. "खलील सर ना जी? या ना."

सरांनी उभ्यानंच प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. शाळेतल्या मुलासारखं, एकेक शब्द. मग डबा उघडून बोर्ड तिच्या टीव्हीला जोडला, कॅसेट वाजवली. खोलीभर तो चिरका आवाज झाला, आणि पडद्यावर वर तिचं माहेरचं नाव आलं, खाली सेकंद चालायला लागले. सरांनी मनगट वळवून आपलं घड्याळ तिच्यापुढे धरलं.

तिनं पडद्याकडे पाहिलं, पण सरांच्या घड्याळाकडे पाहिलं नाही. दोन मिनिटं झाली असतील.

"राहू द्या सर. ते बरोबरच चालते. मले मालूम हाय."

"कसं?"

"त्याच दिवशी पायलं होतं ना मी. तुमी सगळे गेल्यावर नारायणभाऊनं कुलूप उघडून देल्लं. दोन नंबरवर लावलं, बरोबर चाललं. मंग मी तुमच्या राजापेठच्या खोलीवर आली होती सांगाले. तुमी दारातूनच म्हटलं, पुढच्या वर्षी तयारी करून ये."

सरांच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं की त्यांना यातलं काहीही आठवत नव्हतं.

"मंग घरी बाबाले सांगतलं, का मशीनच खराब होतं," मंदा म्हणाली. रागानं नाही, कामाचं सांगावं तसं. "बाबानं म्हटलं, सर काय खोटं बोलन का? सरायपेक्षा तुले जास्त समजते का? त्याच्यानंतर बाबानं माह्या कोन्या गोष्टीवर भरोसा ठेवला नाई. मराले टेकले होते तवा दवाई द्याले गेली, तं भावाले म्हने, तू वाच रे बाटलीवरचं, हे चुकीची देईन." तिनं सरांच्या हातातला कागद घेतला. "सर, हा कागद बाबाले दाखवाचा होता. मले तं पयलेच मालूम होतं."

तिनं कागदाची घडी सरळ केली आणि सरांच्या हातात परत दिली. मग उठून चहा ठेवला. चांगला चहा होता, आलं घातलेला. सर आणि मी तो बशीत ओतून प्यालो, आणि टीव्हीवर घड्याळ चालत राहिलं. कुणीच ते बंद केलं नाही, शेवटी सरांनीच वायर काढली. आम्ही निघालो तेव्हा मंदा पुन्हा फर्म्यापाशी बसली होती. किती झाले होते ते आता तिला आठवत नव्हतं. तिनं गुंडाळलेली सगळी तार उलगडून काढली आणि एकपासून सुरुवात केली.

परतवाड्याच्या स्टँडवर आमच्या वाटा वेगळ्या होत्या. त्यांना अकोटमार्गे अकोल्याची गाडी, मला अमरावतीची. माझी आधी लागली. त्यांनी माझी पिशवी वर चढवून दिली. मला काहीतरी बोलायचं होतं, माफ करा म्हणायचं होतं, पण त्यांची माफी मागायची की तिची, हे ठरेना. खिडकीतून पाहिलं तर सर खांबाजवळ उभे होते, डबा छातीशी धरून. एक म्हातारी गाठोडं घेऊन त्यांच्यापाशी आली.

"किती वाजले जी, भाऊ?"

सवयीनं हात वर आला. मनगट अर्धं वळलंही. मग त्यांनी ते तसंच खाली घेतलं आणि बाही पुढे ओढली.

"मले नाई सांगता येत माय," ते म्हणाले. "दुसऱ्या कोनाले इचारा."